प्रवाळ आणि त्यांचे सूक्ष्मजीव: आरोग्य, आजार आणि उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवाळ आजारी पडतं, त्याच्यात साथीचे रोग येतात, त्याला औषधाचा लेपही लावतात, हे पहिल्यांदा ऐकलं की प्रश्नांची रांगच लागते. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रवाळ हा प्राणी आहे की वनस्पती?

प्राणी. जेलीफिश ज्या कुळातला, त्याच कुळातला. पाण्याखाली झाडासारखं किंवा गोल धोंड्यासारखं जे दिसतं ती एक वसाहत असते. तिच्यात अनेकदा काही मिलिमीटर एवढेच असलेले हजारो पॉलिप, म्हणजे इवले इवले प्राणी, शेजारी शेजारी राहतात आणि स्वतःच तयार केलेल्या चुन्याच्या सांगाड्यावर त्यांचं बिऱ्हाड असतं. हा चुना पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो आणि त्याची भित्ती होते. महासागराच्या तळाचा एक टक्का भागही या भित्तींनी व्यापलेला नाही. तरीही समुद्री जीवांच्या जवळपास पाव जाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला येतात.

यात सूक्ष्मजीव कुठे असतात?

सगळीकडे. पॉलिपच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. एका चौरस सेंटीमीटर ऊतीत त्याच्या पेशींची संख्या दहा लाखांच्या घरात जाते, आणि प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच असतो. ऊतीवर बुळबुळीत श्लेष्माचा पातळ थर असतो, तो जिवाणूंनी भरलेला असतो. ऊतीच्या आतही काही जिवाणू झुबक्यांनी राहतात. खाली सांगाड्यातल्या चुन्यात ऑस्ट्रिओबियम नावाचं हिरवं शैवाल भोकं पाडून राहतं. प्रवाळ फोडून पाहिलं तर पृष्ठभागाखाली त्याचा हिरवा पट्टा दिसतो. यांच्या जोडीला आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव), बुरशी आणि विषाणू असतात. शिवाय मलेरियाच्या परजीवीचे दूरचे नातेवाईक असलेले कोरॅलिकोलिड नावाचे जीवही असतात. २०१९ साली असं उघड झालं की या कोरॅलिकोलिडांमध्ये हरितद्रव्य बनवण्याची जनुकं आहेत, पण प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच नाही. मग ते हरितद्रव्याचं करतात काय, हे कोडं मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोहक वाटतं.

प्रवाळ आणि त्याच्यावर-त्याच्यात राहणारे हे सगळे मिळून जो एक जीव होतो त्याला शास्त्रज्ञ ‘होलोबायंट’ म्हणतात. पुढची बहुतेक उत्तरं याच कल्पनेवर उभी आहेत. प्रवाळाचं आरोग्य एकट्या प्राण्याचं नसतं, या सगळ्या एकत्र संसाराचं असतं. आजारही बहुधा बाहेरचा शत्रू घुसल्यामुळे होत नाही. आतली घडी विस्कटते आणि मग तो होतो.

हे जिवाणू प्रवाळासाठी नेमकं काय करतात?

सगळ्यांची कामं अजून उलगडलेली नाहीत. यातले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांची ओळख फक्त डीएनएवरून पटते. जी कामं कळली आहेत तीही थोडीथोडकी नाहीत.

पहिलं काम नायट्रोजनचं. उष्ण कटिबंधातल्या स्वच्छ निळ्या पाण्यात पोषणद्रव्यं फार कमी असतात. काही जिवाणू पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू पकडून तो वापरता येईल अशा रूपात आणतात. २००४ साली मॉन्टॅस्ट्रिया कॅव्हर्नोसा या कॅरिबियन प्रवाळाच्या पेशींतच असे सायनोबॅक्टेरिया सापडले. मात्र नायट्रोजन जास्त झाला तर शैवाल बेसुमार वाढतं आणि आपली साखर यजमानाला द्यायची सोडून स्वतःसाठी वापरू लागतं. म्हणून नायट्रोजन काढून टाकणारे जिवाणूही तेवढेच मोलाचे.

दुसरं काम गंधकाचं. प्रवाळ आणि त्यातलं शैवाल डीएमएसपी नावाचं गंधकयुक्त संयुग मोठ्या प्रमाणात बनवतात. हे संयुग फक्त शैवालच बनवतं अशी समजूत होती. २०१३ साली असं दिसलं की शैवाल नसलेली प्रवाळाची पिल्लंसुद्धा ते बनवतात आणि पाणी तापलं की जास्त बनवतात. एंडोझोइकोमोनास गटातले काही जिवाणू हे संयुग खाऊन पचवतात. निरोगी प्रवाळांत हा गट वारंवार आणि भरपूर आढळतो, आणि प्रवाळावर ताण आला की पुष्कळदा तोच आधी घटतो.

तिसरं काम राखणीचं. निरोगी प्रवाळाच्या श्लेष्मात असे जिवाणू असतात जे प्रतिजैविकं सोडून परक्या जंतूंना पाय रोवू देत नाहीत. नुसती जागा अडवून ठेवणं हीसुद्धा राखणच आहे. भरलेल्या घरात नवख्याला शिरायला वाव राहत नाही.

श्लेष्माला एवढं महत्त्व का?

शैवालाने उन्हातून मिळवलेल्या अन्नाचा मोठा वाटा, काही जातींत जवळपास निम्मा, प्रवाळ श्लेष्म बनवण्यात घालवतं. एवढा खर्च उगाच कोणी करत नाही. श्लेष्मामुळे गाळ धुऊन जातो आणि ऊती कोरडी पडत नाही. तो सुटून जाताना वर बसलेले जंतूही सोबत नेतो.

२००६ साली फ्लोरिडातल्या एल्कहॉर्न प्रवाळावर झालेल्या कामातून श्लेष्माची खरी ताकद कळली. निरोगी वसाहतींचा श्लेष्म अनेक जिवाणूंची वाढ रोखत होता. पण पाणी तापून विरंजन झालं, म्हणजे प्रवाळ पांढरं पडलं, तेव्हा गोळा केलेल्या श्लेष्मात ती ताकद उरली नव्हती. राखण करणारे जिवाणू गेले होते आणि त्यांच्या जागी व्हिब्रिओ गटातल्यांची गर्दी झाली होती. हे व्हिब्रिओ बाहेरून आलेले नव्हते. ते आधीपासून तिथेच होते, थोडक्या संख्येने.

विरंजन म्हणजे ब्लीचिंग हा जंतूंमुळे होणारा आजार आहे का?

मोठ्या प्रमाणावर होणारं विरंजन उष्णतेमुळे होतं, जंतूंमुळे नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभराने जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. मग प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं. ऊती पारदर्शक होते आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ तेव्हा जिवंत असतं, पण उपाशी, कारण त्याच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग हे शैवाल भागवतं. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरूही शकतं. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या जागतिक विरंजनांनंतर चौथं सुरू झाल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं.

तरी हा प्रश्न उगाच पडत नाही. भूमध्य समुद्रातल्या ऑक्युलिना पॅटागोनिका या प्रवाळाचं विरंजन व्हिब्रिओ शिलोई नावाच्या जिवाणूमुळे होतं, असं इस्रायलमधल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं होतं. जिवाणू वेगळा केला, निरोगी प्रवाळाला लावला, आणि ऊबदार पाण्यात ते पांढरं पडलं. थंड पाण्यात काही झालं नाही. हिवाळ्यात हा जिवाणू एका काटेरी समुद्री किड्याच्या शरीरात तग धरतो, हेही सापडलं. सगळी साखळी जुळली होती.

मग काही वर्षांत तेच प्रवाळ त्याच जिवाणूला दाद देईनासं झालं, आणि पांढऱ्या पडलेल्या वसाहतींत तो जिवाणू सापडेनासा झाला. २००८ साली आणखी एका गटाने याच प्रवाळाच्या ऊतींची तपासणी केली, तेव्हा विरंजनाची सुरुवात जिवाणूंमुळे होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. काही जण म्हणतात आधीचा निष्कर्षच चुकला, काही म्हणतात मधल्या काळात प्रवाळच बदललं. प्रवाळाला आपल्यासारखी प्रतिपिंडं बनवता येत नाहीत. मग ते एखाद्या जंतूला तोंड द्यायला ‘शिकलं’ कसं? त्यावर यूजीन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की प्रवाळ स्वतः बदललं नाही, त्याचे सोबती जिवाणू बदलले, आणि नव्या सोबत्यांनी त्या जंतूला हुसकावलं. प्रवाळाला उपयोगी जिवाणू देण्याच्या, म्हणजे प्रोबायोटिकच्या, आज चालू असलेल्या प्रयोगांचं मूळ या २००६ सालच्या विचारात आहे.

तापमान वाढलं की जंतू जास्त घातक का होतात?

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. प्रवाळ दुबळं होतं आणि जंतू चढेल होतो.

व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस हे याचं सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या प्रवाळावर तो २२ अंश सेल्सिअसच्या खाली निरुपद्रवी असतो. २७ अंशांच्या वर मात्र तोच जिवाणू प्रथिनं फोडणारी विकरं सोडतो आणि ऊती अक्षरशः विरघळवून टाकतो. जंतू तोच, प्रवाळही तेच. फरक फक्त पाच-सात अंशांचा.

त्याहून मला चटका लावतो तो २०१४ सालचा निष्कर्ष. हा जिवाणू डीएमएसपीचा माग काढत पोहतो. ताण पडलेल्या प्रवाळाच्या श्लेष्मात ते संयुग कित्येक पटींनी वाढतं. म्हणजे तापलेलं प्रवाळ स्वतःच्या बचावासाठी जे बनवतं, त्याच्याच खुणेवर शिकारी त्याच्यापर्यंत पोहोचतो.

काळ्या पट्ट्याचा रोग काय असतो?

प्रवाळांच्या रोगांत पहिल्यांदा रीतसर वर्णन झालेल्यांपैकी हा एक. १९७३ साली आर्नफ्रीड अँटोनियस यांनी तो नोंदवला. निरोगी वसाहतीवर एक काळसर पट्टा दिसतो. पट्ट्याच्या पुढे जिवंत ऊती, मागे उघडा पांढरा सांगाडा. पट्टा रोज काही मिलिमीटर पुढे सरकतो, कधी सेंटीमीटरभरही. शेकडो वर्षांची धोंड्याएवढी वसाहत यात काही महिन्यांत संपू शकते.

हा रोग कोणा एका जंतूचा नाही, आणि म्हणूनच तो समजून घेण्यासारखा आहे. पट्टा ही सूक्ष्मजीवांची विणलेली चटई असते. तिचा ताणा म्हणजे रोझिओफायलम रेप्टोटिनियम हा धाग्यांसारखा सायनोबॅक्टेरिया. त्याच्यातल्या लालसर रंगद्रव्यामुळे पट्टा कधी काळा, कधी तांबूस दिसतो. चटईच्या तळाशी डेसल्फोव्हिब्रिओसारखे सल्फेट वापरणारे जिवाणू असतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मधल्या थरात बेगियाटोआसारखे जिवाणू ते सल्फाइड वापरतात आणि दिवसरात्र वर-खाली हलत राहतात. दिवसा वरच्या थरात प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर असतो, रात्री तो संपतो. तळाशी मात्र ऑक्सिजन कायम नसल्यातच जमा आणि सल्फाइड साचलेलं. या दोन्हींच्या मारामुळे खालची ऊती मरते. मेलेल्या ऊतीतून जी पोषणद्रव्यं सुटतात त्यांवर चटई आणखी पोसते.

यातला एकेक जिवाणू सुटा करून प्रवाळावर ठेवला तर रोग सहसा उभा राहत नाही. एकत्र आले की मात्र जिवंत ऊती खात जाणारी चटई बनते. फ्लोरिडात पाणबुड्यांनी हा पट्टा शोषून काढून वर मातीचा किंवा इपॉक्सीचा लेप लावून मोठ्या वसाहती वाचवल्या आहेत. रोग उन्हाळ्यात बळावतो आणि पाणी थंडावलं की बहुधा मंदावतो, त्यामुळे उन्हाळ्यापुरता अटकाव झाला तरी वसाहतीला उसंत मिळते.

कोणता रोग कोणत्या जंतूमुळे होतो, याची यादी का मिळत नाही?

यादी आहे, पण तिच्यात रिकाम्या जागा फार आहेत. रोगांची नावं त्यांच्या दिसण्यावरून पडलेली आहेत: पांढरा पट्टा, पिवळा पट्टा, पांढरे डाग, तपकिरी पट्टा. एकसारखं दिसणारं दुखणं दोन ठिकाणी दोन वेगळ्या कारणांनी झालेलं असू शकतं.

माणसांच्या रोगांसाठी रॉबर्ट कॉख यांच्या नावाची कसोटी लावतात. रोग्यातून जंतू वेगळा करायचा, निरोग्याला द्यायचा, तोच रोग उभा राहतो का पाहायचं, आणि तोच जंतू पुन्हा वेगळा करायचा. प्रवाळात ही कसोटी फार थोड्या रोगांनी पार केली आहे. कॅरिबियन समुद्रपंख्यांना (पंख्यासारख्या आकाराच्या मऊ प्रवाळांना) १९९० च्या दशकात झालेला बुरशीचा रोग त्यांपैकी एक. ॲस्परजिलस सिडोवी ही एरवी जमिनीवर, मातीत आढळणारी बुरशी त्याला कारण ठरली. उलट बाजूला ‘पांढरा प्लेग’. १९९५ साली फ्लोरिडात आलेल्या साथीचं कारण म्हणून ऑरँटिमोनास कोरॅलिसिडा या जिवाणूचं नाव निश्चित झालं, पण नंतर तशीच लक्षणं असलेल्या प्रवाळांत तो सापडला नाही.

सर्वांत मोठ्या नुकसानीचं बोलायचं तर पांढऱ्या पट्ट्याचा रोग. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने कॅरिबियनमधली एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न प्रवाळांची जंगलं संपवली. याच दोन जातींनी तिथल्या उथळ भित्ती उभ्या केल्या होत्या. एवढा संहार होऊनही त्याच्या एका ठरावीक जंतूवर सगळ्यांचं एकमत नाही.

सगळेच गुन्हेगार जिवाणू असतात असंही नाही. सांगाडा कुरतडणाऱ्या पट्ट्याच्या रोगात हॅलोफॉलिक्युलिना हे केसाळ एकपेशीय जीव असतात. तपकिरी पट्ट्याच्या रोगातही तसेच जीव असतात; प्रवाळाचं शैवाल गिळल्यामुळे त्यांना तो तपकिरी रंग येतो.

माणसाच्या सांडपाण्यातून प्रवाळाला रोग होतो, हे खरं आहे?

एका रोगाच्या बाबतीत हे सिद्ध झालं आहे. फ्लोरिडा कीजमधल्या एल्कहॉर्न प्रवाळावर १९९६ पासून पांढरे डाग पडू लागले. त्या काळात तिथलं सुमारे ८५ टक्के एल्कहॉर्न नाहीसं झालं आणि त्याचं मोठं कारण हा रोग होता. २००२ साली त्यामागे सेरॅशिया मार्सेसेन्स हा जिवाणू सापडला. तो माणसाच्या आतड्यात राहतो आणि रुग्णालयांत होणाऱ्या संसर्गांसाठी ओळखला जातो. पुढे २०११ साली सांडपाण्यातून वेगळा केलेला त्याचा वाण प्रवाळावर लावला, आणि काही दिवसांतच रोग उभा राहिला. माणसाचा जंतू समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्याला आजारी पाडतो, याचा हा पहिला पक्का पुरावा होता. नंतरच्या काही साथींत डाग तसेच पडले पण हा जिवाणू सापडला नाही, म्हणजे वर म्हटलेली अडचण इथेही आहेच.

सांडपाण्याचा त्रास फक्त जंतूंपुरता नसतो. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस भित्तीवरच्या शेवाळाला खतपाणी घालतात.

शेवाळ माजलं की प्रवाळ का मरतं? सावली पडते म्हणून?

सावली आणि जागेची स्पर्धा हे कारण आहेच, पण त्याहून आतलं कारण २००६ सालच्या एका साध्या प्रयोगात दिसलं. प्रवाळाचा तुकडा आणि मोठं शेवाळ एकाच पाण्यात, पण मध्ये ०.०२ मायक्रॉनचा पडदा. जिवाणू किंवा बहुतेक विषाणूसुद्धा त्यातून जाऊ शकत नाहीत. फक्त विरघळलेले पदार्थ जातात. तरी प्रवाळ मेलं. पाण्यात ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक घातलं तेव्हा मात्र ते वाचलं.

म्हणजे शेवाळातून पाझरणाऱ्या साखरेवर प्रवाळाचेच जिवाणू फोफावतात, त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन संपवतात, आणि ऊती गुदमरते. मेलेल्या जागी आणखी शेवाळ उगवतं आणि चक्र पुढे चालतं. शेवाळ खाणारे मासे जिथे बेसुमार पकडले जातात तिथे हे चक्र जोरात फिरतं. पॅसिफिकमधल्या लाइन बेटांवर २००८ साली तुलना झाली तेव्हा वस्ती असलेल्या किरितिमातीच्या पाण्यात निर्मनुष्य किंगमन भित्तीच्या पाण्यापेक्षा सूक्ष्मजीव सुमारे दहापट निघाले, आणि प्रवाळांचे आजारही किरितिमातीलाच जास्त होते. मासेमारीचे नियम हा प्रवाळाच्या जंतूंचा प्रश्न आहे, असं म्हणणं ऐकायला विचित्र वाटतं. पण ते तंतोतंत खरं आहे.

विषाणूंचं काय?

ते श्लेष्मात भरपूर असतात. बहुसंख्य विषाणू जिवाणूंना मारणारे, म्हणजे बॅक्टेरिओफाज असतात, आणि श्लेष्माला चिकटून ते परक्या जिवाणूंविरुद्ध पहारा देतात असा एक सिद्धांत २०१३ पासून मांडला जातो. काही विषाणू शैवालाच्या पेशींनाही लागतात.

२०१४ पासून गाजत असलेला फ्लोरिडाचा रोग कोणता?

कठीण प्रवाळांच्या ऊती झडण्याचा रोग. एससीटीएलडी या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. २०१४ साली मायामीजवळ व्हर्जिनिया की इथे तो पहिल्यांदा दिसला. तिथून तो फ्लोरिडाच्या संपूर्ण भित्तीवर आणि मग कॅरिबियनमधल्या वीसहून अधिक देश-प्रदेशांत पोहोचला. वीसपेक्षा जास्त जाती त्याला बळी पडतात. एरवी एखादा रोग एक-दोन जातींपुरता असतो, हा मात्र जवळपास सगळ्या भित्तीवर हात टाकतो. काही जातींची वसाहत आठवड्यांत मरते. स्तंभासारखं उभं वाढणारं डेंड्रोजायरा सिलिंड्रस फ्लोरिडाच्या समुद्रातून जवळजवळ नाहीसं झालं आहे, आणि २०२२ साली ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाली.

रोगाचा मूळ जंतू अजून निश्चित झालेला नाही. पाण्यातून आणि स्पर्शातून तो पसरतो. जहाजांच्या समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून तो दूरवर गेला असावा अशी शंका आहे. प्रतिजैविकाने घाव थांबतो, म्हणून जिवाणूंचा हात असणार हे नक्की. पण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर आधी बिघडतात त्या शैवालाच्या पेशी, आणि त्यांत विषाणूंसारखे धागेही दिसले आहेत. जिवाणू मूळ कारण आहेत की मागून येऊन लूट करणारे, हा वाद चालू आहे.

उपचार म्हणून पाणबुडे अमॉक्सिसिलिन मिसळलेला मलम घावाच्या कडेने हाताने भरतात. औषध हळूहळू ऊतीत उतरतं आणि बहुतेक घाव थांबतात. मात्र त्याच वसाहतीवर पुढे नवीन घाव उठू शकतो, मग पुन्हा बुडी मारून पुन्हा लेप. हे काम करणारे लोक एकेका जुन्या वसाहतीला क्रमांक देऊन तिच्याकडे वर्षानुवर्षं परत जातात. माझ्या लेखी प्रवाळांच्या संवर्धनातलं हे सर्वांत चिवट काम आहे.

मग सगळीकडे प्रतिजैविकंच का वापरत नाहीत?

ती फक्त अपराधी जंतूला वेचून मारत नाहीत. राखण करणारे जिवाणूही मरतात. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका असतो. मोठी, जुनी, बीज देणारी वसाहत वाचवायची असेल तेव्हा ती वापरणं समर्थनीय आहे. अख्ख्या भित्तीवर ती ओतणं नाही.

हेच मत्स्यालयातल्या टाकीलाही लागू पडतं. टाकीतल्या प्रवाळावर तपकिरी चिकट बुळबुळ दिसली तर बाधित तुकडा लगेच वेगळा काढावा, मेलेला भाग कापून टाकावा, आणि औषध द्यायचंच असेल तर वेगळ्या भांड्यात द्यावं. मुख्य टाकीत प्रतिजैविक गेलं तर अमोनिया पचवणारे जिवाणू मरू शकतात आणि मासेही संकटात येतात.

प्रवाळांसाठीचं प्रोबायोटिक खरंच काम करतं का?

प्रयोगशाळेत आणि टाक्यांत करतं. समुद्रात करेल का, हे तपासणं चालू आहे.

आधी ब्राझीलमध्ये आणि आता सौदी अरेबियात काम करणाऱ्या राकेल पेशोतो यांच्या गटाने निरोगी प्रवाळातूनच उपयोगी जिवाणू निवडले. २०१९ साली त्यांनी पोसिलोपोराला सात जिवाणूंचं मिश्रण दिलं. त्यांत पाच स्यूडोअल्टेरोमोनास, एक हॅलोमोनास आणि एक कोबेशिया होता. उष्णता आणि व्हिब्रिओ असा दुहेरी मारा होऊनही प्रवाळ कमी पांढरं पडलं. २०२१ साली मुसिस्मिलिया हिस्पिडा या ब्राझिली प्रवाळाला उष्णतेच्या ताणानंतर प्रोबायोटिक दिल्याने जगण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. त्यानंतर तांबड्या समुद्रात खऱ्याखुऱ्या भित्तीवर आठवड्यातून तीनदा, तीन महिने मात्रा देऊन पाहिली. दिलेले जिवाणू प्रवाळात टिकले आणि आसपासच्या पाण्यात किंवा गाळात घडी विस्कटल्याचं दिसलं नाही. ही २०२४ सालची बातमी लहान वाटते, पण उघड्या समुद्रात जिवाणू सोडण्याला जो सर्वांत मोठा आक्षेप आहे, त्याचं हे पहिलं उत्तर होतं.

एससीटीएलडीवर २०२३ साली मॅकएच१-७ या नावाचा स्यूडोअल्टेरोमोनासचा वाण पुढे आला. रोगाला दाद न देणाऱ्या मॉन्टॅस्ट्रिया कॅव्हर्नोसाच्या तुकड्यातून तो मिळाला. प्रयोगशाळेत २२ बाधित तुकड्यांना तो दिला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश तुकड्यांत रोग थांबला किंवा मंदावला.

अडचण आवाक्याची आहे. हाताने मात्रा देऊन किती वसाहती सांभाळणार? रोपवाटिकेत वाढवलेली पिल्लं समुद्रात लावण्यापूर्वी त्यांना हे सोबती द्यावेत, हा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. पाणी तापतच राहिलं तर कोणतंही प्रोबायोटिक पुरं पडणार नाही, हे या क्षेत्रातले लोक स्वतःच आधी सांगतात.

शैवालच बदलून जास्त उष्णता सोसणारं घालता येतं का?

निसर्गात काही प्रवाळं हे स्वतःच करतात. ड्युरुसडिनियम गटाचं शैवाल वरचढ झालं की प्रवाळाची सहनशक्ती १ ते १.५ अंशाने वाढते. बदल्यात वाढ मंदावते, कारण हे शैवाल यजमानाला अन्न कमी देतं. ऑस्ट्रेलियात क्लॅडोकोपियम या दुसऱ्या गटाच्या शैवालाचे दहा वाण प्रयोगशाळेत चार वर्षं ३१ अंशांत वाढवले. त्यातल्या तीन वाणांनी प्रवाळाच्या अळ्यांना विरंजनापासून जास्त संरक्षण दिलं, असं २०२० साली जाहीर झालं. बाकीचे वाण स्वतः उष्णता सोसत होते, पण प्रवाळाच्या आत गेल्यावर त्याचा यजमानाला फायदा झाला नाही.

प्रवाळाच्या पिल्लांना हे सोबती मिळतात कुठून?

काही जातींत आईकडूनच. अळी शैवाल घेऊनच बाहेर पडते. बहुतेक जाती मात्र अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात, आणि त्यांच्या अळ्या आसपासच्या पाण्यातून शैवाल गोळा करतात. जिवाणूंची एक वेगळीच मदत असते: खडकावरच्या स्यूडोअल्टेरोमोनाससारख्या जिवाणूंनी बनवलेलं टेट्राब्रोमोपायरोल हे रसायन लागलं की तरंगणारी अळी पॉलिपचं रूप घेते. कुठे घर करायचं, या निर्णयातही जिवाणूंचा शब्द असतो.

प्लॅस्टिकचा आणि या आजारांचा काय संबंध?

आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ भित्तींवर सुमारे १,२४,००० प्रवाळं तपासून २०१८ साली निष्कर्ष आला: प्लॅस्टिक अडकलेलं नसेल तर आजाराची शक्यता ४ टक्के, अडकलेलं असेल तर ८९ टक्के. प्लॅस्टिकने ऊती खरचटते, उजेड आणि ऑक्सिजन अडतो, आणि त्यावर जंतूही बसून येतात. फांद्या-फांद्यांच्या प्रवाळांत ते जास्त अडकतं.

दिलासा देणारी बाजूही आहे. इंडोनेशियातल्या बेटांवर २०१७ साली दिसलं की जवळ समुद्रगवताची कुरणं असतील तिथे पाण्यातले रोगकारक जिवाणू जवळपास निम्मे असतात आणि प्रवाळांचे आजारही निम्म्यावर येतात.

पोहताना आजारी प्रवाळ दिसलं तर काय करावं? ते ओळखायचं कसं?

सगळी वसाहत सारखीच फिकट किंवा पांढरी, पण ऊती जागेवर, असं असेल तर बहुधा विरंजन. निरोगी ऊती आणि उघडा सांगाडा यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा असेल, किंवा रंगीत पट्टा असेल, तर रोगाची शक्यता जास्त. चावल्याचे कोरलेले व्रण असतील तर ते पोपटमाशाचं काम असू शकतं. काटेरी मुकुटासारखे तारामासेही ऊती खाऊन पांढरे चट्टे सोडतात, तेव्हा आजूबाजूला तो दिसतो का पाहावं.

हात लावू नये. वसाहतीचा एक पूर्ण आणि कडेचा एक जवळून असे फोटो काढावेत, सोबत तारीख, जागा आणि खोली नोंदवावी, आणि त्या भागातल्या सागरी उद्यानाला किंवा निरीक्षण करणाऱ्या संस्थेला कळवावं. रोग असलेल्या जागेवरून दुसऱ्या भित्तीवर जायचं असेल तर डायव्हिंगचं सामान आधी जंतुनाशकात बुडवून गोड्या पाण्याने धुवावं, आणि ते धुतलेलं पाणी समुद्रात सोडू नये.

प्रवाळाचे आजार माणसाला होतात का?

प्रवाळाचा रोग तसाच्या तसा माणसाला जडत नाही. प्रवाळावर खरचटलं तर मात्र काळजी घ्यावी. जखमेत चुन्याचे बारीक कण आणि समुद्रातले जिवाणू, कधी व्हिब्रिओसुद्धा, राहतात आणि ती चिघळते. साबण आणि स्वच्छ गोड्या पाण्याने भरपूर धुऊन कण काढून टाकावेत. लाली पसरू लागली, ठणका वाढला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावं आणि जखम समुद्रात झाल्याचं सांगावं, कारण त्यावरून औषधाची निवड बदलते. यकृताचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी तर वाट पाहूच नये.